ओट्यावर मावेल असा पाण्याचा फिल्टर, भिंतीला भोक न पाडता (प्रकल्प नोंदी)

८ जून २०२५, रविवार

मे अखेरीस पुण्यात धायरीला भाड्याने राहायला आलो. आधीच्या घरातला भिंतीवरचा अ‍ॅक्वागार्ड (म्हणजे कंपनी वेगळीच आहे, पण आमच्याकडे सगळ्यालाच अ‍ॅक्वागार्ड म्हणतात) खोक्यात पडून आहे, कारण घरमालक काकांनी चावी देतानाच सांगितलं, "टाइल्स नवीन आहेत, ड्रिल लावायचं नाही." मग गेले दोन आठवडे रोज संध्याकाळी दोन मोठी पातेली पाणी उकळतोय. जानेवारीत या सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी पट्ट्यात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट सापडले तेव्हापासून इथे तसंही अर्धी सोसायटी उकळूनच पितेय.

उकळायला माझा विरोध नाही, पण गॅसचा हिशोब करून बघितला. पिण्याचं आठ-नऊ लिटर पाणी २५ अंशावरून उकळीला न्यायचं, आणि शेगडीची अर्धी उष्णता वाया जाते असं धरलं तर महिन्याला तीन किलोच्या वर गॅस फक्त पाण्यावर जातो. शिवाय ते गार होईपर्यंत ओटा अडतो आणि चिरंजीव गरम पाण्याला तोंड लावत नाहीत.

म्हणून ठरवलं, ओट्यावर ठेवता येईल असा फिल्टर घ्यायचा. पण ऑनलाइन रेटिंग बघून नाही, आधी पाणी बघून. म्हणून ही वही.

अटी तीनच. भोक नाही. माणसं चार. आणि आईंना (सासूबाई, वय ७१) स्वतः भरता आणि धुता आला पाहिजे, कारण दिवसभर घरी त्याच असतात आणि मी काय घेतलं यापेक्षा त्या काय वापरतील हे महत्त्वाचं.

९ जून

टेप घेऊन ओटा मोजला. खोली दोन फूट, गॅस आणि सिंकच्या मध्ये मोकळी जागा सोळा इंच, वर कपाट, ओट्यापासून कपाटापर्यंत २१ इंच. एवढं तर पुष्कळ झालं असं वाटलं, मग दुकानात जाऊन एक गुरुत्वाकर्षणवाला (वीज नसलेला, वर ओता खाली गळतो तो) मोजला तर तोच २३ इंच निघाला. आणि त्याचं झाकण उचलून वरून पाणी ओतायचं म्हणजे अजून फूटभर जागा हवी! हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसतं.

घरी येऊन पुठ्ठ्याचा खोटा फिल्टर बनवला आणि ओटाभर फिरवला. खिडकीखालच्या कोपऱ्यात वर कपाट नाही, तिथेच बसतो. तिथे मिक्सर आहे. मिक्सर हलवायचा म्हटल्यावर आई काही बोलल्या नाहीत, म्हणजे नाही.

११ जून

एका कंपनीचा माणूस डेमोला आला होता, मी बोलावलं नव्हतं, मागे दुकानात नंबर लिहून दिला तिथून आला असावा. त्याने दोन ग्लास मांडले, एकात आमचं नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याने बाटलीतून आणलेलं आरओचं (पाण्यातले क्षार काढणाऱ्या मशीनचं). मग धातूच्या कांड्या असलेलं एक यंत्र दोन्ही ग्लासांत बुडवून प्लग लावला. मिनिटभरात आमच्या ग्लासात चॉकलेटी-हिरवट चिखल, त्याचा ग्लास काचेसारखा स्वच्छ. "मॅडम, हे पिताय तुम्ही." आईंचा चेहरा बघण्यासारखा होता.

मला हा खेळ माहीत होता, म्हणून त्याच्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हटलं आता लावा परत. त्यातही तोच चिखल. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि कांडीचं लोखंड विरघळून गंज तयार होतो, तो चिखल पाण्यातला नसतोच, कांडीतला असतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात म्हणून तिथे काही होत नाही, एवढंच. त्याने चहा घेतला, यंत्र आवरलं, गेला. वाईट वाटलं जरा, त्याला बिचाऱ्याला कोणीतरी हेच शिकवलं असणार.

१३ जून

टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर आला, २४० रुपये. चिरंजीवांना घेऊन प्रयोग केला. ग्लासभर पाण्यात दोन चमचे साखर, आकडा हलत नाही. चिमूटभर मीठ, आकडा एकदम हजाराच्या पुढे. म्हणजे हा मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. गाळ दिसत नाही. गटाराचा थेंब मिसळला तरी आकडा ढिम्म हलणार नाही. एवढ्या एका आकड्यावर लोक वीस-वीस हजारांची मशीन घेतात.

पण मीटर निरुपयोगी नाही, ते दोन दिवसांनी कळलं.

१५ जून, रविवार

आमच्या स्वयंपाकघरात दोन नळ आहेत, एक पिण्याचा आणि एक वापरायचा. गच्चीवर दोन टाक्या आहेत, छोटीत महापालिकेचं पाणी चढवतात आणि मोठीत बोअर आणि टँकरचं. निदान सोसायटीत सगळे असंच सांगतात.

आजची मोजणी (टीडीएस, लिटरला मिलिग्रॅम): पिण्याचा नळ ३८८. बाथरूमचा नळ ३९१. खाली टँकर आला होता त्याच्या पाइपातून ग्लास भरून घेतला, ७६०. आणि तळमजल्यावरच्या काकूंकडे थेट रस्त्याच्या लाइनवरचा एक नळ आहे, तिथलं ८४.

म्हणजे माझ्या पिण्याच्या नळाचं पाणी आणि मी ज्याने फरशी पुसते ते पाणी एकच आहे. तीनदा मोजलं. बरं, खडकवासल्याचं पाणी मवाळ असतं हे पुण्यात वाढलेल्या कोणालाही माहितीय, केस धुतले की कळतं. इथे आल्यापासून साबणाला फेस येत नव्हता, कुकरमध्ये पांढरा थर बसत होता आणि तूरडाळीला दोन शिट्ट्या जास्त लागत होत्या. आई पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या, "पाणी जड आहे." मी म्हणत होते नवीन कुकर आहे म्हणून असेल.

१८ जून

पाणी असंच राहणार असं धरून आरओचा विचार केला.

भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्यात टीडीएस ५०० पर्यंत चांगलं धरलंय, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलंय. म्हणजे ३८८ सुद्धा मर्यादेत आहे. २०१९ मध्ये एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) तर ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला असं सरकारला सांगितलं होतं, कारण आरओ एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर मोरीत सोडतो. टँकरने पाणी विकत घेणाऱ्या सोसायटीत हे करायचं म्हणजे विनोदच.

ओट्यावरचे प्लगवाले आरओ मिळतात, फिटिंग लागत नाही. मागे टाकी भरायची, पुढून शुद्ध पाणी. दुकानात बघितला, पंधरा हजारांच्या पुढे. उरलेलं खारट पाणी टाकीतच साठत जातं आणि ते आपण हाताने ओतून द्यायचं, दिवसातून तीन-चारदा. आईंनी? नाही.

आरओ वाईट असं माझं म्हणणं नाही. माहेरचे नातेवाईक सोलापूरकडे आहेत, तिथल्या बोअरला खारटपणा जिभेला कळतो, फ्लोराइड नाहीतर नायट्रेट जास्त असेल तर आरओला घरगुती पर्याय फारसा नाही. पण आपल्याला झालेला आजार कुठला आणि औषध कुठलं.

२२ जून, रविवार

सोसायटीच्या चेअरमन काकांना चारही आकडे दाखवले. ते आधी म्हणाले मीटर चायनीज असेल. मग तळमजल्याच्या काकूंकडे स्वतः मोजून आले आणि प्लंबरला फोन लावला. प्लंबर दादा, काका आणि मी गच्चीवर. दोन्ही टाक्यांच्या मध्ये एक बायपास आणि त्याचा व्हॉल्व्ह सताड उघडा! एप्रिलमध्ये छोटी टाकी रिकामी पडायला लागली तेव्हा कोणीतरी मोठीतलं पाणी तिकडे सोडलं आणि मग ते बंद करायचं राहिलं. "उघडला असेल कुणीतरी," काका म्हणाले. कुणीतरी हे आमच्या सोसायटीचे सगळ्यात कामसू सभासद आहेत.

व्हॉल्व्ह बंद. खर्च शून्य. छोटी टाकी धुवायला बुधवारी माणूस येणार.

२६ जून

टाकी धुतली. आज सकाळी पिण्याचा नळ ९४. दुपारी ९६. तूरडाळ नेहमीच्या शिट्ट्यांमध्ये शिजली. आईंनी एकदाच "बघ" म्हटलं.

या एका व्हॉल्व्हने पंधरा हजारांचा प्रश्न यादीतून गेला. आता उरले गाळ आणि जंतू. क्षारांचं काही करायचंच नाही, उलट आहेत ते राहू द्यायचेत.

२८ जून

जंतूंचं मोजायचं कसं? दोन गोष्टी मागवल्या. एक क्लोरीन तपासायचे ओटी थेंब, पाण्यात टाकले की क्लोरीन असेल तर पिवळं होतं. पाणी चढवतात त्या वेळी म्हणजे सकाळी सातला नळाला फिकट पिवळा रंग, रात्री नऊला काहीच नाही. मानकाप्रमाणे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला क्लोरीन हवा, म्हणजे आमच्या टाकीत दिवस मावळेपर्यंत तो संपतोय.

दुसरी एच-टू-एसच्या बाटल्या, सहाचा पॅक ३०० रुपये. आत एक औषधी पट्टी असते, खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून उबेत २४ ते ४८ तास ठेवायचं. काळं पडलं तर विष्ठेतून येणाऱ्या जंतूंचा संशय. ही चाचणी ग्वाल्हेरच्या डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन संस्थेच्या) लॅबमधल्या लोकांनी १९८२ मध्ये मांडली, आता ग्रामपंचायतीपासून सगळीकडे वापरतात. लॅबच्या रिपोर्टची सर नाही, पण घरी कळतं. पावसाळी हवेत खोली गार असते म्हणून बाटल्या फ्रिजच्या मागच्या गरम बाजूला ठेवल्या.

३० जून

रात्री भरलेलं नळाचं पाणी: तीस तासांत काळं कुळकुळीत. उकळलेलं: जसंच्या तसं. दोन बाटल्या गेल्या, चार उरल्या. काळी बाटली ब्लीच टाकून मग ओतली.

आता निदान कळलं तरी की फिल्टर कशासाठी हवाय.

२ जुलै

पर्याय, घरातल्या चर्चेसकट.

जगवाले फिल्टर, तो परदेशी टाइपचा, वरच्या कपात कार्बन आणि रेझिन. दिसायला सुंदर, फ्रिजच्या दारात बसतो. क्लोरीनचा वास घालवतो, थोडा जडपणा कमी करतो. पण त्याच्याच माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की आधीच जंतुमुक्त असलेलं पाणी वापरा. बहीण जर्मनीत असते तिच्याकडे ठीक आहे, माझ्या बाटलीचा रंग तिने बघितलेला नाही.

कॅन्डलचा स्टीलचा फिल्टर. आईंचा ओढा इकडे, कराडला त्यांच्याकडे तीस वर्षं होता. वीज नको, प्लास्टिक नको, कॅन्डल काथ्याने घासायची, साबण लावायचा नाही, की परत नवी. मलाही मोह झाला. पण स्वस्त कॅन्डलची भोकं किती बारीक हे कुठेच छापलेलं नाही, आणि घासताना किंवा बसवताना केसासारखी चीर गेली तर ती दिसत नाही आणि पाणी मात्र तिथूनच जातं. आणि थेंब थेंब. चार माणसांना रात्रभर गळायला लावायचं.

यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा. जंतूंसाठी उत्तम, विषाणूंसकट. पण पाणी नितळ पाहिजे, गढूळ पाण्यात जंतू कणांच्या सावलीत लपतात. आणि वीज पाहिजे, आणि बहुतेक मॉडेल भिंतीवरची.

यूएफ, म्हणजे शेवयांसारख्या पोकळ बारीक नळ्यांचा जुडगा, पाणी नळीच्या भिंतीतून झिरपतं. भोकं ०.०१ ते ०.१ मायक्रॉन. बॅक्टेरिया साधारण ०.२ मायक्रॉनच्या वरचे, म्हणजे अडकतात. विषाणूंचं तसं नाही. जीबीएसच्या वेळी पेशंटच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस अशी दोन नावं आली होती. पहिला बॅक्टेरिया, तो यूएफला ओलांडत नाही. दुसरा ०.०३ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे ०.१ च्या जाळीतून आरामात जाईल, ०.०१ च्या जाळीत अडकायला हवा. म्हणून खोक्यावर नुसतं 'यूएफ' बघायचं नाही, आकडा बघायचा. सात खोकी वाचली, आकडा तिघांवरच होता. बाकीच्यांवर झऱ्याचं चित्र.

ठरलं: गुरुत्वाकर्षणाचा यूएफ, ०.०१ वाला, एकूण १६ लिटर. आईंची मागणी होती की नळाची तोटी घट्ट बसणारी आणि मोकळी करून धुता येणारी हवी. ही अट मला सुचली नसती.

६ जुलै, आषाढी एकादशी

घेतला, २३५० रुपये. सगळ्यांचा उपास, साबुदाणा भिजेपर्यंत जोडणी. मिक्सर आता फ्रिजशेजारच्या टेबलावर गेला. हे कसं झालं विचारू नका, चिरंजीवांनी मध्यस्थी केली.

पहिल्या दोन भरण्या टाकून द्यायच्या, कार्बनची काळी भुकटी येते. टाकून म्हणजे तुळशीला आणि कढीपत्त्याला. तिसऱ्या भरणीला घड्याळ लावलं, वरची टाकी पूर्ण भरलेली असताना एक लिटरला १४ मिनिटं, वर पाणी कमी झालं की दाब कमी, मग वीस-बावीस. दिवसभरात दोनदा भरलं की पुरतं. बादली उचलायची नाही, आई तांब्यातांब्याने भरतात.

आणि एक, आधी मी स्वयंपाकासकट १४ लिटर धरलं होतं. आई म्हणाल्या, "डाळ-भात उकळतोच की, त्याला कशाला फिल्टरचं?" खरंच. पिण्याचं आणि कोशिंबीर-चटणीचं धरून नऊ लिटर. कार्ट्रिजवर ३००० लिटर लिहिलंय, म्हणजे ११ महिने. कागदावर.

११ जुलै

धरणक्षेत्रात धुवांधार, नळाला चहाच्या रंगाचं नाही पण ताकाच्या निवळीसारखं पाणी. फिल्टरचा वेग दोन-तीन दिवसांतच १४ वरून ३१ मिनिटांवर! वरची गाळाची जाळी काढली तर मातीचा मऊ लेप. धुतली, १७ वर आला.

आईंचा उपाय: वर चार पदरी धुतलेलं सुती फडकं बांधायचं, आणि पाणी आधी पातेल्यात तुरटीचा खडा दोन-तीनदा फिरवून तासभर ठेवायचं, खालचा गाळ न हलवता वरचं घ्यायचं. त्यांच्या लहानपणी निवळीचं बी घड्याच्या आतून घासायचे, नदीचं पाणी सकाळपर्यंत नितळ. निवळी नाव का पडलं हे मला आज कळलं, चाळिशीला आले तरी. तुरटी जंतू मारत नाही पण गाळ बसवते आणि गाळ बसला की पुढच्याचं काम हलकं. तीन दिवस केलं, वेग १५-१६ वर टिकलाय.

१९ जुलै

उरलेल्या चारपैकी तीन बाटल्या भरल्या. नळ, फिल्टरची तोटी, आणि माठ. माठ माझ्या डोक्यातच नव्हता, बाटली उरली म्हणून भरली.

२१ जुलै

नळ काळा, अपेक्षितच. फिल्टर स्वच्छ, ४८ तासांनंतरही. माठ काळा.

फिल्टरमधून काढून माठात ओततो, माठातून ओगराळ्याने घेतो, ओगराळं ओट्यावर पडलेलं असतं, चिरंजीव शाळेतून आले की थेट पेलाच बुडवतात. आणि कार्बनने क्लोरीन काढून टाकलेला असतो, त्यामुळे फिल्टरनंतरच्या पाण्यात पडलेल्या जंतूला अडवायला काहीच नसतं. नळाच्या पाण्यात सकाळी थोडी तरी राखण असते, माझ्या शुद्ध पाण्यात तीही नाही. दीड महिना मी मायक्रॉन मोजत होते आणि घोळ पेल्यात होता.

२७ जुलै, रविवार

जुना माठ झाडांना. तोटीचा नवा माठ आणला, २८० रुपये, तोंडावर ताटली, वर वजनाला खलबत्ता, म्हणजे उघडायचा कंटाळा येईल. रोज रात्री रिकामा करायचा, दर रविवारी उकळत्या पाण्याने धुवायचा. फिल्टरची खालची टाकी आणि तोटी पण त्याच दिवशी.

शेवटची बाटली नव्या माठाची भरली.

२९ जुलै

स्वच्छ. बाटल्या संपल्या.

पाऊस थांबेपर्यंत आईंचं आणि शाळेच्या बाटलीचं पाणी फिल्टर करून वर उकळतेय, एकच पातेलं, बाकी सगळे फिल्टरचं पितो. विषाणूंच्या बाबतीत खोक्यावरच्या आकड्यावर मी सध्या एवढाच भरवसा टाकणार. कार्ट्रिजवर चिकटपट्टी लावून त्यावर ६ जुलै लिहिलंय. गच्चीवरच्या व्हॉल्व्हला काकांनी तार गुंडाळून कुलूप लावलं, आणि चावी कुणाकडे आहे ते दोन दिवस झाले कोणी सांगत नाहीये.